लाइन पडू नये म्हणून

क्रांतीच्या पत्राला सयाजीरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. आण्णा फोनवर 'बरं आहे' यापलीकडे स्वतःबद्दल काही बोलत नाहीत, म्हणून लेकीनं बेंगळुरूहून मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. 'कॅमेऱ्यात तुम्ही रोज दिसता. पण एकटं वाटतं का, ते दिसत नाही. खरं कळवा.' छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमेना. दिवाळी गेली, शिमगाही गेला.

आज जावई विश्वजित फोनवरून सांगत होता आणि ते जुन्या लॅपटॉपवर एक सर्व्हिस बसवत होते. सोप्यातला कॅमेरा त्या लॅपटॉपला जोडलेला. वायफाय तुटलं की बेंगळुरूला चित्र थिजायचं आणि लगेच क्रांतीचा फोन यायचा. "आण्णा, दिसंना झालाय की. बघा जरा." मग ते जोडता जोडता पोराची परीक्षा, दोडक्याची भाजी, वरच्या मजल्यावरची भांडणं, असं कायबाय निघायचं.

"आता ही मागं गुपचूप चालूच राहणार, मामा," विश्वजित म्हणाला. "दर मिनिटाला बघणार. तुटलं असलं की आपलं आपण जोडणार. कमांडची शेवटची ओळ टाका. डॅश विसरला न्हाईसा न्हवं?"

"घातलाय."

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि स्वतःचा डॅश तेवढा..." तो हसला. मग म्हणाला, "एक कळंना झालंय. लाइन रोज संध्याकाळीच कशी पडते ओ? दिवसा एकदा पण न्हाई."

सयाजीरावांनी चष्मा काढून पुसला.

"लोड येत असंल."

"असंल. क्रांतीचा घोर गेला बघा. तिला आता सारखा फोन करायला नको."

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून सयाजीराव नेहमीसारखे लॅपटॉपपाशी आले. कोपऱ्यातल्या खुणेवर बाण नेऊन त्यांनी वायफाय तोडलं आणि मोबाईल मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं खूण आपोआप उजळली. त्यांनी पुन्हा तोडलं. पुन्हा जोडलं गेलं. मोबाईल वाजला नाही. बेंगळुरूला ते आता सोप्यात अगदी नीट दिसत होते.

घरात पाकीट नव्हतं. पोस्टकार्ड सापडलं, कुणीही वाचावं असं उघडं. त्यांनी लिहिलं, 'चि. क्रांतीस आशीर्वाद. होय, वाटतं. लाइन चालू असली तरी फोन करत जा.' 'होय, वाटतं' खोडावं म्हणून पेन टेकवलं, आणि तसंच उचललं.

पत्रपेटी गल्लीच्या तोंडाशी होती. कार्ड आत पडल्याचा आवाज आला नाही; फटीतच अडकलं की काय. आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून सयाजीरावांनी फटीत बोटं घातली आणि आत बराच वेळ चाचपत राहिले.