खरात मॅडमच्या घरामागे

कुरिअरवाला शेजाऱ्यांचं पार्सल माझ्याकडं ठेवून गेला. त्यावर पत्ता होता: अप्पाराव बोराडे, खरात मॅडमच्या घरामागे, स्टेशन रोड, बदनापूर. मी तो तीनदा वाचला. गावाकडं आमच्या पत्त्यात त्यांचं नाव असायचं: अप्पारावांच्या माडीमागे, ओढ्यापलीकडे. पोस्टमन ओढा ओलांडायचा नाही. आमच्या वस्तीचं टपाल त्यांच्याच ओट्यावर टाकून जायचा. मास्तरीण म्हणून नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा ते मिळेपर्यंत मी त्यांच्या पायरीखाली तासभर उभी होते. यंदा माडी विकून त्यांनी इथं माझ्या घरामागच्या प्लॉटवर घर बांधलं. संध्याकाळी दारात आवाज आला. "मॅडम, आमचं पार्सल तुमच्याकडं ठेवलं म्हणून सांगून राह्यला कुरिअरवाला." अप्पा पायरीखालीच थांबले, हात पुढं करून. मी पार्सल टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. "वर या, अप्पा. चहा टाकलाय. आमच्याकडं टपाल बसून घ्यायचं असतं."