तीट

उसाच्या फडातला क्रेट सकाळी वनरक्षक दिगंबरला रिकामा दिसला. आईने परत न्यावं म्हणून आत ठेवलेलं बिबट्याचं पिल्लू तिनेच नेलं, की कुत्र्यांनी?

त्याने खांबावरच्या कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. इन्फ्रारेडचा उजेड परतून फोटो पांढरे पडू नयेत म्हणून त्याने समोरची पानंसुद्धा छाटली होती. तरी प्रत्येक फोटोत मधोमध काळा डाग!

"काचेला काजळ कुणी लावलं?"

"म्या," ऊस तोडताना पिल्लू जिच्या कोयत्यापुढे आलं होतं ती हौसामावशी म्हणाली. "रातभर टक लावून बघणार ते यंत्र. लेकराला दिष्ट लागली असती."

चिडून त्याने काच पुसायला रुमाल काढला. तेवढ्यात शेवटच्या फोटोत, डागाच्या कडेला, मादी दिसली. तोंडात अलगद धरलेलं पिल्लू.

मावशीने कानशिलावर बोटं मोडली. दिगंबरने तिला हात जोडले आणि रुमाल तसाच खिशात घातला.