मशीनबिगर पान्हा

"पावणं, हितनं फुडं माणसाला हात कशाला पायजेत? नुसतं बोलायला तोंड आसलं की झालं!"

कळंब्याच्या आपल्या गोठ्यात उभं राहून हंबीररावांनी जाहीर केलं. शिरोळचे गुंडू पाटील खास त्यांचं मशीन बघायला आलते. मशीन आपणहून म्हशीची कास हुडकायचं, सडांना चार नळ्या लावायचं आणि दूध काढून मोकळं व्हायचं. गव्हाणीचं झाकण उघडून खुराकही तेच द्यायचं. ते आल्यापासून त्या घरात कुणी हातानं धार काढली नव्हती.

हंबीररावांनी पोराच्या मोबाईलवर बटण दाबलं. मशीन हललं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: 'अपडेट चालू आहे. मशीन बंद करू नये.'

"बारा टक्के झालंय," पोरगा विश्वजित म्हणाला.

दुपार झाली तरी बाराच टक्के होतं.

चंपी म्हशीची कास दगडासारखी ताठली. आधी ती हंबरत होती, पाय आपटत होती. मग गप्प झाली, ते जास्त वाईट होतं.

"कास सुजली तर म्हैस हातची जाईल," बयाबाई नवऱ्यावर खेकसल्या. "काढा की हातानं!"

हंबीरराव बादली घेऊन बसले. सड धरून ओढला. थेंब नाही. चंपीनं शेपटी तोंडावर हाणली. बयाबाईंनीही करून बघितलं आणि लाथ खाऊन उठल्या.

"या की पावणं, तुमी बघा," हंबीरराव म्हणाले.

"आमच्यात पिशवीचं दूध आसतंय ओ," म्हणत गुंडू पाटील दाराकडं सरकले.

विश्वजित कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. त्याला भलत्या वेळी भलतंच आठवलं. "बाबा, एका कादंबरीत माणूस यंत्रात बसून लाखो वर्षं फुडं जातोय. तिथली माणसं गोरीगोमटी, गुबगुबीत. कसलं कामच येत न्हाई कुणाला."

"मग त्येंची जनावरं कोण बघतंय?"

"जनावरं न्हाईतच. ती माणसंच पाळलेली आसत्यात. यंत्रं चालवणारी खाली अंधारात ऱ्हात्यात. भूक लागली की वर येऊन एकेकाला उचलत्यात."

हंबीररावांनी एकदा मशीनकडं बघितलं.

"गोष्टी कसल्या सांगतोयस!" बयाबाई ओरडल्या. "आवो, तिला मशीनच्या आवाजाची सवय झालीया. त्येच्याबिगर पान्हा सोडायची न्हाई ती."

हंबीररावांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "टक-घुर्र."

चंपीचा कान हलला.

"मोठ्यानं!"

"टक-घुर्र! टक-घुर्र!"

विश्वजितनं सूर धरला. गुंडू पाटील शरमत दारातनंच सामील झाले. कुंपणाशी शेजारीपाजारी गोळा झाले. हंबीररावांच्या मानेवरनं घाम निथळत होता, घसा बसत आला होता, बोटं सड सोडत नव्हती. मधेच एकाचा ताल चुकला की चंपी अंग आखडायची. पुन्हा सगळं पहिल्यापासनं.

शेवटी तिनं डोळे मिटले. बादलीत चर्रकन् धार वाजली. मग दुसरी. बघता बघता कास सैल पडली.

"बघितलासा का पावणं?" हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्येला म्हणत्यात माणसाचं हात!"

त्याच वेळी अपडेट पुरं झालं. मशीनचा दांडा चंपीच्या पोटाखाली शिरला. त्यानं लाल उजेड फिरवला आणि चारी नळ्या हंबीररावांच्या चार बोटांना लावल्या.

"काढ की रं हे!"

"बटणच दिसंना, बाबा!"

मशीननं बराच वेळ जोर लावला. मग आपणहून सोडून दिलं. विश्वजितचा मोबाईल वाजला.

"काय म्हणतंय?" हंबीररावांनी सुजलेली बोटं झटकत विचारलं.

"'जनावर भाकड आहे,'" विश्वजितनं वाचलं. "'खुराक बंद करण्यात येत आहे.'"

चंपीच्या गव्हाणीचं झाकण बंद झालं.