रामीकाकूची कळशी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधलं, म्हणजे तिच्या गाभ्यातलं, मजकूर एका जागेतून दुसरीत उतरवणारं जुनं फंक्शन जागा किती ते न बघताच ओतत राहायचं. मावलं नाही की शेजारची माहिती बिघडायची. तुषार आठवडाभर सूर्यमाळला गावच्या घरी ओट्यावर बसून ठिकठिकाणी त्याच्या जागी मोजून ओतणारं नवं बसवत होता. साठ बदल मंजूर झाले होते. एकसष्टावा तपासणाऱ्याने तिसऱ्यांदा परत पाठवला: ‘आकार चुकलाय.’ टँकरवरून पाणी घेऊन आलेली आई शेजारच्या रामीकाकूशी बोलताबोलता हंड्यातलं पाणी तिच्या कळशीत ओतत होती. थेंबही सांडला नाही. “आई, एवढ्या मोठ्या हंड्यातून अंदाज कसा येतो गं?” “हंड्याकडं कोण बघतंय? कळशीत मावंल तेवढंच ओतायचं.” तुषारने डोळे चोळले. नव्या फंक्शनला त्याने मजकुराची लांबी सांगितली होती, जागेची नव्हे. एकसष्टावा दुरुस्त केला. मग मंजूर झालेला पहिला बदल उघडला. तिथेही त्याने हंडाच मोजला होता.