पाच चेहरे

आई गेल्यापासून अण्णा गप्पच होते, म्हणून त्यांच्या मोबाईलवर रोजचा मूड नोंदवायचं अ‍ॅप टाकायचं मी ठरवलं. चार अ‍ॅप्स पाहिली. एक सगळं इंग्रजीतच विचारत होतं, एकाला रोज तीन सुंदर क्षण हवे होते. तिसऱ्यानं दोन मिनिटं श्वास मोजायला लावला, तेव्हा अण्णा म्हणाले, "एवढा वेळ गाडी सिग्नलला थांबली, तर लोक उतरून चहा पिऊन येतात."

चौथं साधं होतं. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे, संध्याकाळी त्यातला एक दाबायचा.

मनमाड स्टेशनात चौतीस वर्षं गाड्यांच्या नोंदी ठेवलेला माणूस तो, एकही दिवस चुकला नाही. पंधरा दिवसांनी मी उघडून पाहिलं, तर पंधराही दिवस रडका चेहरा.

मी घाबरले. रजा टाकली आणि कॉलेज रोडवरच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. अण्णा वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसले. तिथला फॉर्मही त्यांनीच भरला.

थोड्या वेळानं आतून माझ्याच नावाची हाक आली, "दिशा पगारे."

"अण्णा, मूड तुमचा नोंदवायचा होता."



"नोंद समोरून जाणाऱ्या गाडीची ठेवतात गं, केबिनमध्ये बसलेल्याची नाही. जा आत, मी आहे इथे."