तिरपी टॉर्च

"पंखा फिरतोय, दिवाही लागलाय, पण स्क्रीन काळी ठिक्कर," बायको फोनवर सांगत होती. "काहीतरी कर रे बाबा. उद्या भाषांतर पाठवायचंय."

ते 'रे बाबा' नवऱ्याच्या कानाला टोचलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्याला ती अहो-जाहो करायची. आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या या तिच्या कॉलेजातल्या मित्राला मात्र अरे-तुरे! मान नवऱ्याला आणि जवळीक दुसऱ्याशी, ही वाटणी त्याला काही केल्या पटत नव्हती.

"मला स्पीकरवर टाक," मित्र म्हणाला. तिने बटण दाबताच त्याचा आवाज खोलीभर आला. "आणि घाबरू नकोस, खारूताई. तो म्हातारा लॅपटॉप इतक्यात मरत नाही."

खारूताई? नवऱ्याने मान वर केली. हे नाव या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. बायको नुसती हसली आणि तिने फोन जेवणाच्या टेबलावर, त्याच्यासमोर ठेवला.

तो कारखान्यात फिटर. अख्ख्या गल्लीचे पंप आणि मिक्सर त्याच्या हाताखालून जायचे. पण लॅपटॉपला त्याने जन्मात हात लावला नव्हता, आणि आता स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या माणसाच्या हुकमाची वाट बघत बसायची वेळ आली होती.

"भावोजी, कॅप्स लॉकचं बटण दाबा. बारका दिवा लागतो-विझतो का?"

"लागतो."

"म्हणजे जीव आहे. आता बॅटरी काढा आणि चालू करायचं बटण दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

नवरा बटण दाबून बसला. तिकडे दोघांच्या गप्पा सुरू झाल्या.

"हा घ्यायला आपण गेलो होतो ते आठवतंय? तुझा पहिला पगार. भर उन्हात दुकानं पालथी घातली होती."

"आणि तू त्या दुकानदाराशी भांडलास!" बायको खळखळून हसली.

नवऱ्याच्या बोटाचं नख पांढरं पडलं होतं.

"अहो, सोडा आता. कधीचा सांगतोय तो."

मग मागचं झाकण उघडायचं, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसायची, परत बसवायची. "डावीकडचा स्क्रू जरा हट्टी आहे हं," मित्राने बजावलं.

"माहीत आहे," नवरा म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. स्क्रू खरंच हट्टी निघाला, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या घरातल्या वस्तूचा कुठला स्क्रू कसा, हे परक्याने सांगावं!

पट्टी पुसून झाली, झाकण लागलं, बॅटरी बसली. पंखा फिरला. स्क्रीन काळीच.

"मग शेवटचा उपाय. खोलीत अंधार करा आणि स्क्रीनवर टॉर्च तिरपी धरा. पुसट काही दिसलं तर नुसता आतला उजेड गेलाय. तसली स्क्रीन माझ्याकडे पडून आहे, संध्याकाळी मीच येऊन बसवतो. काहीच दिसलं नाही तर मात्र सरळ भंगारात घाला."

"येच तू. किती दिवसांत फिरकला नाहीस," म्हणत बायको खिडकीचे पडदे ओढायला गेली.

नवऱ्याने आपल्या मोबाइलची टॉर्च लावली, पण उत्तर त्याने आधीच ठरवलं होतं. कर्ज काढून नवा लॅपटॉप आणू, पण हा गृहस्थ या घराची पायरी चढता कामा नये. त्याने स्क्रीनवर उजेड कसाबसा फिरवला.

"काही नाही. मिट्ट काळोख."

"नक्की?"

"डोळे आहेत मला."

खिडकीशी बायकोचा हात तसाच राहिला. तिचा पहिला पगार आपण एका वाक्यात भंगारात घातला हे नवऱ्याला कळलं, आणि ते त्याला लागलंही. निदान बघितल्यासारखं तरी दिसावं म्हणून त्याने टॉर्च पुन्हा धरली. यावेळी ती तिरपी पडली.

काळ्या काचेतून एक चित्र हळूहळू वर आलं. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली अर्धा शिरलेला माणूस. दातांत पाना, कपाळाला काळं, आणि तरी स्वारी खुशीत. तो स्वतःच होता. हा फोटो तिने कधी काढला, त्याला पत्ताही नव्हता. रोज सकाळी लॅपटॉप उघडून ती गालातल्या गालात काय हसते, या विचाराने तो आजवर जळत आला होता.

"थांबा, थांबा!" तो जवळजवळ ओरडलाच. "दिसतंय! मी दिसतोय. हिने माझा फोटो लावलाय. लॅपटॉप उघडला की रोज पहिला मीच!"

मत्सराने त्याला खोटं बोलायला लावलं होतं, आणि आता फुशारकीने खरं.

"अहो, ते काय सांगायचं असतं का?" बायको लाजली, पण तिचा जीव भांड्यात पडला होता.

फोनमधून काहीच आलं नाही. लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"हॅलो?" ती म्हणाली. "आहेस ना?"

"हो." मित्राचा आवाज कोरडा झाला होता. "म्हणजे उजेडच गेलाय. साधं काम आहे. पण संध्याकाळी मला जमेलसं वाटत नाही. दुकानातल्या कुणाला तरी पाठवतो." आणि फोन बंद झाला.

"याला एकाएकी काय झालं?" बायको फोनकडे बघत राहिली. "आत्ता तर स्वतः येतो म्हणाला होता."

काय झालं ते नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं. ते दुखणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपण जिंकलो म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना.

"कामात असेल बिचारा," तो म्हणाला, आणि त्याने टॉर्च विझवली.