लेप आणि लहर

प्रयोगशाळेत नवऱ्यानं इलेक्ट्रोडला दिलेला लेप वर्षानुवर्षं ढिम्म होता. मग बायकोनं हळूहळू चढणाऱ्या व्होल्टेजवर बारीक थरथर बसवून नवी लहर रचली आणि पडद्यावरच्या रेघेला उंचवटा आला, लेप जागा झाल्याची खूण. “आईला सांगतो!” म्हणत तो फोन घेऊन पळाला. नवी लहर आधी साध्या रेझिस्टरवर तपासायची, हा तिचाच नियम घाईत राहिला होता. तिनं तारांचे चिमटे इलेक्ट्रोडवरून काढून रेझिस्टरला लावले. त्यात रसायन नाही, रेघ सपाटच यायला हवी. पण तोच उंचवटा डोकावला. खोट तिच्या लहरीत होती. लेप अजून ढिम्मच. तो नाचतच परतला. “बघ, पुन्हा आला! घे, आईशी बोल.” तिनं रेझिस्टर तळहातानं झाकून फोन कानाला लावला. “सूनबाई, मागेही हा असाच नाचला, मग महिनाभर नीट जेवला नाही. तू तपासलंस ना?” “आत्ताच तपासलं, आई.”